गवत कापायच्या गाडीला पुढे बकेट लावायची असेल तर

घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या सोसायटीच्या बाग समितीतल्या ताईंनी विचारलंय. त्यांच्याकडे बसून चालवायचं सेकंडहँड लॉनमोअर आहे, १८ हॉर्सपॉवरचं. पावसाळ्यात गवत माजतं तेव्हा ते चालतं, एरवी ताडपत्रीखाली पडून असतं. सोसायटीच्या ओल्या कचऱ्याचं खत मागच्या गेटपाशी तयार होतं, बाग पुढच्या बाजूला आहे आणि मधलं अंतर माळीकाका डोक्यावर घमेली घेऊन तोडतात. "व्हिडिओत लोक अशा मोअरचा घरच्या घरी छोटा जेसीबी करतात. दादा, आपल्याकडच्या वेल्डरकडून करून घेता येईल का? इंजिन ओढेल का?"

ताई, इंजिन ओढेल. बकेट उचलतात ते तेलाच्या दाबाने, आणि तो दाब देणारा पंप इंजिनावर फिरतो. एकदा हिशेब मांडतो, म्हणजे तो विषय बाजूला पडेल. दाब बारमध्ये (एक बार म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो), तेलाचा प्रवाह मिनिटाला लिटरमध्ये, दोन्हींचा गुणाकार करून ६०० ने भागा, उत्तर किलोवॅटमध्ये येतं. छोट्या पंपाचं ६ लिटर तेल १०० बार दाबाने ढकलायला १ किलोवॅट लागतो. पंपाची गळती आणि घर्षण धरलं तरी पावणेदोन हॉर्सपॉवरच्या वर जात नाही. तुमच्याकडे अठरा आहेत. या कामात ताकद सगळ्यात स्वस्त मिळते. अडचण आहे ती गाडीच्या हाडांची, म्हणजे चासी आणि अ‍ॅक्सलची.

मी रबाळे एमआयडीसीत टेल-लिफ्ट (ट्रकच्या मागची माल चढवायची फळी) आणि टिपिंग ट्रॉलीची फॅब्रिकेशनची कामं करतो. लॉनमोअरला बकेट लावायची कामं आजवर चारच केली. त्यातलं पहिलं फसलं, आणि त्यात चूक माझीच होती. ते पुढे येईल.

आधी त्या व्हिडिओंबद्दल. त्यात दिसणाऱ्या बऱ्याच गाड्या म्हणजे जुने गार्डन ट्रॅक्टर असतात. जॉन डिअरचा ११० हा १९६३ साली आला, त्या पिढीतल्या गाड्या. जाड चासी, मागे दणकट कास्ट आयर्न पेटी, मोठी चाकं. नांगर ओढण्याच्या तयारीने बनवलेल्या त्या. आपल्याकडे सेकंडहँड येतात त्या बहुतेक लॉन ट्रॅक्टर जातीच्या. दिसायला भाऊ-भाऊ, पण यांची चासी म्हणजे दोन-तीन मिलिमीटर पत्रा प्रेसमध्ये वाकवलेला. त्या चासीचं काम इंजिन, एक माणूस आणि खाली लटकणारा ब्लेडचा डेक सांभाळणं एवढंच. शिवाय ते लोक पुष्कळदा बर्फ ढकलतात. ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला शंभर किलोच्या आसपास भरतो. आपला भिजलेला मुरूम भरतो अठराशे. बकेट तीच आणि गाडीही तीच, पण वजन अठरा पट. व्हिडिओ बघताना हे लक्षात राहत नाही.

आता वजनाचा हिशेब करू. हा पाठ करावा असाच आहे. समजा तुमची गाडी २०० किलोची आहे, त्यातले ८० पुढच्या चाकांवर आणि १२० मागच्या. दोन्ही अ‍ॅक्सलमधलं अंतर १.२ मीटर. चालवणारा ७० किलोचा, तो मागच्या अ‍ॅक्सलच्या थोडा पुढे बसतो. त्याचे १५ पुढे जातात, ५५ मागे. लोडरचं, म्हणजे खांब, हात आणि बकेट मिळून, लोखंड ९० किलो, त्याचा भार पुढच्या अ‍ॅक्सलच्या वीतभर पुढे पडतो. बकेटमध्ये १०० किलो माल, पुढच्या अ‍ॅक्सलच्या ८० सेंटिमीटर पुढे.

सी-सॉचा खेळ आहे. पुढे लटकलेले ते १०० किलो पुढच्या अ‍ॅक्सलवर १०० म्हणून येत नाहीत, १६७ होऊन येतात, कारण मागून ६७ किलो उचलून पुढे टाकतात. सगळं जमा केलं तर पुढे होतात ३६७ आणि मागे उरतात ९३. कारखान्याने साधारण शंभर किलोच्या हिशेबाने दिलेल्या पुढच्या अ‍ॅक्सलवर साडेतीनशेच्या वर भार, आणि गाडी ढकलणारी चाकं मागे, हलकी होऊन बसलेली. बकेटमध्ये २४० किलो भरले तर मागची चाकं जमीन सोडतील. अर्थात, अ‍ॅक्सलने तोवर दम धरला असेल तर.

माझ्या पहिल्या कामात हेच झालं. एका फार्महाऊससाठी बकेट बनवली. पॉवर पॅक (मोटर, पंप आणि तेलाची टाकी असा तयार संच) जसा आला तसा बसवला, रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे ठरलेल्या दाबाच्या वर गेलं की तेल परत टाकीत सोडणारा व्हॉल्व्ह, १२० बारवरच राहिला. मालकाला मी "फक्त खत आणि पाला" असं बजावून सांगितलं होतं. पण बकेट दिसली की माणूस ती भरतोच. जूनच्या पहिल्या पावसानंतर कुणीतरी रस्त्याच्या खड्ड्यात टाकायला मुरूम भरला, आणि डाव्या चाकाचा स्पिंडल (चाक ज्यावर फिरतं तो दांडा) वाकला. चाक असं फाकलं की गाडीने मांडी घातल्यासारखं वाटावं. लोडरला ओरखडासुद्धा नव्हता. मी फार मजबूत लोडर बनवला होता आणि तो फार अशक्त गाडीवर ठेवला होता. नवा स्पिंडल माझ्या पदरचा गेला.

तेव्हापासून बकेटचं माप मी गिऱ्हाइकावर सोडत नाही. तुमच्या गाडीला ६० लिटर. म्हणजे चार-पाच घमेली. ऐकायला कमी वाटतं, पण खत घनमीटरला साधारण साडेपाचशे किलो धरलं तर ते तेहतीस किलो झालं, आणि कुणी हट्टाने तीच बकेट ओल्या मुरमाने भरली तरी वजन ११० च्या पुढे जात नाही. सूचनांचा बोर्ड लावण्यापेक्षा हे बरं. चालवणारा बदलला, नवा माळी आला, तरी लोखंड तेच राहतं. रुंदी मात्र पुढच्या चाकांच्या बाहेरच्या कडेइतकी हवी, नाहीतर चाकं ढिगात रुततात. रुंद पण उथळ, पोह्याच्या ताटलीसारखी बकेट करा.

दुसरा लगाम रिलीफ व्हॉल्व्हचा. ४० मिलिमीटर बोअरचे (आतल्या व्यासाचे) दोन सिलिंडर घ्या. एकाचं क्षेत्रफळ साडेबारा चौरस सेंटिमीटर. ४० बारला दोघे मिळून हजार किलोचा रेटा देतात. सिलिंडर हाताला मुळाशी धरतो आणि बकेट टोकाला, त्यामुळे टोकाला त्याचा साधारण पाचवा हिस्सा मिळतो, दोनशे. त्यातून हातांचं आणि बकेटचं स्वतःचं वजन गेलं की १४०-१५० किलो उचलायची ताकद उरते. पुरेशी आहे. तोच व्हॉल्व्ह १५० बारवर ठेवला तर कागदावर सातशेच्या आसपास निघते, आणि ती ताकद माल उचलण्याऐवजी तुमची गाडी मोडण्यात खर्च होते. व्हॉल्व्ह गेज लावूनच सेट करा, लॉक नट घट्ट करून वर रंगाचा ठिपका द्या, म्हणजे कुणी हात लावला तर कळेल. "थोडा वाढवून बघू" म्हणणारा हुशार माणूस प्रत्येक सोसायटीत एक तरी असतो.

पंप चालवायचा कसा, यावर लोक खूप डोकं लावतात. लॉनमोअरच्या इंजिनाचा शाफ्ट बहुधा उभा, खालच्या दिशेला असतो. तिथेच ब्लेडच्या पट्ट्याचा इलेक्ट्रिक क्लच असतो. बकेट लावायची म्हणजे ब्लेडचा डेक काढायचाच, तो क्लच रिकामा होतो. त्याच पुलीवरून पट्टा घेऊन पंप फिरवा, पुलीचं प्रमाण असं ठेवा की पंपाला इंजिनाच्या निम्मे आर.पी.एम. मिळतील. ४ सीसीचा (एका फेऱ्यात ४ मिलिलिटर तेल ढकलणारा) गिअर पंप १५०० आर.पी.एम.ला बरोबर ६ लिटर देतो, आणि ३०० मिलिमीटर स्ट्रोकचे ते दोन सिलिंडर साडेसात सेकंदांत वर जातात. याहून जलद नकोच. एक गोष्ट मात्र वेल्डर हमखास विसरतो. साध्या गिअर पंपाचा शाफ्ट पट्ट्याची बाजूची ओढ सोसण्यासाठी नसतो. पुलीला वेगळं बेअरिंग हाउसिंग द्या आणि पंपाला कपलिंगने जोडा, नाहीतर सील महिन्याभरात तेल गाळायला लागतं.

१२ व्होल्टचा डीसी पॉवर पॅक लावायला सोपा, पण भार आला की शंभर अँपिअरच्या वर ओढतो. मोअरच्या इंजिनाचं चार्जिंग त्यापुढे किरकोळ, म्हणून वेगळी मोठी बॅटरी ठेवून रात्री चार्ज करावी लागते. इलेक्ट्रिक अ‍ॅक्च्युएटर, म्हणजे मोटरने लांब-आखूड होणारे दांडे, असतात ते संथ. बघणाऱ्याला झोप येते. आणि एक गावठी पद्धत आहे, तिच्यावर माझा जीव आहे. जीपची छोटी विंच हात वर ओढते, खाली ते आपल्या वजनाने येतात, आणि बकेट एका दांड्याच्या खिट्टीने उलटते. तेल, पंप, होज काही नाही. फक्त खत आणि पाला वाहायचा असेल तर तुमच्या सोसायटीला तीसुद्धा पुरेल. वायररोपचं तोंड आणि खिट्टी तेवढी रोज बघायची.

लोखंडाकडे येऊ. चासीच्या पत्र्यावर लोडरचे खांब थेट वेल्ड करू देऊ नका. वेल्डर म्हणेल, "शेठ, पक्कं होईल." वेल्ड पक्का राहील आणि त्याच्या शेजारचा पत्रा फाटेल. गाडीच्या दोन्ही बाजूंनी मागच्या अ‍ॅक्सलपासून पुढच्या अ‍ॅक्सलपर्यंत ७५ × ४० च्या चॅनेलची सबफ्रेम करा, ती आरपार बोल्टने धरा, बोल्टभोवती पाइपाचे तुकडे स्पेसर म्हणून घाला म्हणजे आवळताना चासी चेपणार नाही. खांब त्या सबफ्रेमवर उभे राहतील. खरं काम ही सबफ्रेमच करते: बकेट ढिगात घुसते तेव्हाचा धक्का ती मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत नेते आणि चासीला फक्त सोबत ठेवते.

हातांना ५० × ५० × ५ चा चौकोनी पाइप ठीक आहे. दोन हात एकमेकांना जाड आडव्या पाइपाने जोडलेच पाहिजेत, कारण बकेटचा एक कोपरा दगडाला अडकला की दोन्ही हात वेगवेगळ्या दिशेला पिळले जातात. पिना २५ मिलिमीटर ईएन-८ च्या (हा पोलादाचा एक प्रकार), लेथवर केलेल्या बुशात, प्रत्येकीला ग्रीस निपल. बकेटला ४ मिलिमीटर पत्रा आणि तोंडाला १० मिलिमीटरची पट्टी. हे सगळं कळंबोलीच्या लोखंड बाजारात मिळतं, कटिंगसकट. जोडाला ७०१८ नंबरचा वेल्डिंग रॉड वापरा आणि तो ओव्हनमध्ये तापवून घ्या. आपल्या दमट हवेत, त्यातही जुलै-ऑगस्टमध्ये, उघड्या पाकिटातला रॉड ओल धरतो आणि जोडात बारीक भोकं राहतात. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर सोडा, नाहीतर चार्जिंगचा रेग्युलेटर जळेल.

होज पाइप आणि जोडण्या हायड्रॉलिकच्याच हव्यात. नळाची जीआय फिटिंग कुणी "चालतंय" म्हणून लावली तर काढायला लावा. तिचा जस्ताचा थर सुटून व्हॉल्व्हमध्ये जातो, आणि मुळात ती त्या दाबासाठी नसते. होजला केसाएवढं भोक पडलं तर तेल सुईसारखं बाहेर येतं. कुठून गळतंय ते बोटाने शोधू नका, पुठ्ठा फिरवून बघा. तेल कातडीत घुसलं तर जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते आणि दुखतही नाही फारसं, पण काही तासांच्या आत शस्त्रक्रिया लागू शकते. माळीकाकांना हे तोंडी सांगा, दोनदा सांगा.

पुढचा अ‍ॅक्सल. तुमचा कास्ट आयर्नचा असेल तर त्यावर वेल्डिंग करून पट्ट्या चढवण्याचा मोह टाळा. कास्ट आयर्न तापून थंड होताना जोडाशेजारी तडकतं. मी ६० × ६० × ६ च्या चौकोनी पाइपाचा नवा अ‍ॅक्सल करतो, मधली पिन जाड, स्पिंडल ईएन-८ चे २५ मिलिमीटरचे आणि चाकाला टेपर रोलर बेअरिंगचा हब. टायर जास्त प्लायचे (थरांचे) घ्या आणि त्याच्या बाजूवर छापलेला भार वाचा. तरीही स्टिअरिंगचा दातेरी अर्धगोल पत्र्याचाच राहतो, तो झिजणार. उभ्या गाडीचं स्टिअरिंग पिळायचं नाही, गाडी सरकत असतानाच वळवायची.

मागे वजन टाकावंच लागतं. मागच्या अ‍ॅक्सलच्या ४० सेंटिमीटर मागे १०० किलो टांगले की मागच्या चाकांवर १३३ वाढतात आणि पुढचे ३३ कमी होतात. वरच्या उदाहरणात मागे ९३ चे २२६ होतात, पुढे ३३४. नीट बघा, पुढचा भार फारसा उतरलेला नाही. मागचं वजन गाडीला पकड देतं, पुढच्या अ‍ॅक्सलला सुट्टी देत नाही. थोडं वजन टायरमध्ये पाणी भरूनही मिळतं, आणि ते चाकावरच राहतं, अ‍ॅक्सलच्या बेअरिंगवर येत नाही. थंड मुलखात पाणी गोठू नये म्हणून त्यात काय काय मिसळतात; ठाण्यात साधं पाणी चालतं. फक्त ट्यूब घालून भरा, नाहीतर रिम आतून गंजते.

गिअरबॉक्सवर फार लिहीत नाही. तुमची गाडी हायड्रोस्टॅटिक, म्हणजे गिअरऐवजी तेलाच्या दाबाने चाकं फिरवणारी, असेल तर पुढे-मागे करायला सोयीची, पण टफ टॉर्क के-४६ सारखी छोटी पेटी गवत कापायला बनवलेली असते. ढिगात घुसून रेटत राहिलात तर तेल तापतं आणि गाडी हळूहळू ओढेनाशी होते. ढीग आधी फावड्याने मोकळा करायचा, मग बकेट भरायची. खोदकाम या गाडीचं नव्हेच.

पलटी होण्याचं कारण मात्र समजून घ्या, कारण चार चाकं बघून माणूस निर्धास्त होतो. या गाडीचा पुढचा अ‍ॅक्सल मधल्या एका पिनीवर डोलतो. म्हणजे तोल धरणारे बिंदू तीनच: मागची दोन चाकं आणि पुढची ती पिन. ही चार चाकांची रिक्षाच म्हणा. आता त्या रिक्षाच्या पुढच्या चाकावर सगळं वजन आणा, तेही वर उचलून, आणि वळण घ्या. म्हणून भरलेली बकेट जमिनीपासून वीतभर वरच ठेवून चालायचं. उंच करायची ती ओतण्यापुरती, गाडी सपाटीवर उभी असताना. या गाड्यांना डोक्यावर संरक्षक कमान नसते, आणि सीटखालचा स्विच, ज्याने माणूस उठला की इंजिन बंद पडतं, तो आपल्याकडे पहिल्याच आठवड्यात वायर जोडून निकामी केला जातो. तुमचा चालू आहे का बघा.

आणि रॅम्प. सोसायट्यांचा खरा धोका तिथे. माझ्या दुसऱ्या कामातली गाडी भरलेल्या बकेटसह रॅम्पवरून तोंड खाली करून आणली गेली. ब्रेक दाबला, तो लागलाही, पण या गाड्यांना ब्रेक असतो मागच्या चाकांना आणि ती हलकी झालेली. चाकं अडकली, गाडी घसरत गेली आणि कंपाउंडच्या भिंतीला बकेट टेकून थांबली. चालवणारा पोरगा नशिबाने सीटवरच राहिला. उतारावर बकेट कायम चढाच्या बाजूला: चढताना सरळ, उतरताना रिव्हर्स. बेसमेंटमध्ये पेट्रोल इंजिन चालू ठेवून रेंगाळायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

तुमची बाग जमिनीवर आहे की पोडियमवर (पार्किंगच्या वरच्या स्लॅबवर), ते तुम्ही लिहिलेलं नाही. पोडियमवर असेल तर मातीच्या खाली पाणी निचरायची जाळी, तिच्याखाली वॉटरप्रूफिंग आणि मग स्लॅब असतो. बकेटचं तोंड एकदा खोल गेलं की खालच्या पार्किंगमध्ये ठिबक सुरू, आणि मग जनरल बॉडीत तुमचं नाव. तिथे बकेटला दात लावू नका, आणि भरलेली गाडी, चालवणारा, मागचं वजन मिळून साडेपाचशेच्या वर जाणारा भार स्लॅबवर कुठून न्यायचा हे इमारतीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून घ्या.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम २(२८) मध्ये फक्त बंदिस्त आवारात वापरायच्या खास वाहनाला मोटार वाहनाच्या व्याख्येतून वगळलंय. गेटच्या आत आहात तोवर ठीक. शेजारच्या सोसायटीला मदत म्हणून सर्व्हिस रोडवरून नेऊ नका. आणि सोसायटीच्या विम्यात हे यंत्र बसतं का, ते एजंटकडून लेखी घ्या.

आता मला विचाराल तर, फक्त खताचं काम असेल तर मी तुम्हाला आधी मागे जोडायची टिपिंग ट्रॉली करून घ्या म्हणेन. भार ट्रॉलीच्या चाकांवर, पुढचा अ‍ॅक्सल मोकळा, एका फेरीत दीडशे किलो खत, आणि गवताचा डेक काढायचीही गरज नाही. फक्त भरायचं काम फावड्याने राहतं. माळीकाकांची कंबर भरताना दुखते की वाहताना, हे त्यांनाच विचारा. वाहताना दुखत असेल तर ट्रॉलीतच काम झालं. भरताना दुखत असेल, तरच बकेटचा खटाटोप करा.

बकेटच करायची ठरली तर लोखंडाला हात लावायच्या आधी गाडी जवळच्या भंगारवाल्याच्या वजनकाट्यावर न्या, अर्थात टेम्पोत घालून. माणूस सीटवर बसवून आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. ते दोन आकडे, दोन्ही अ‍ॅक्सलमधलं अंतर, आणि पुढच्या अ‍ॅक्सलचा खालून काढलेला फोटो पाठवा. ६० लिटर मी वरच्या काल्पनिक गाडीवरून सांगितले. तुमची बकेट कदाचित ५० चीच करावी लागेल.